पहिली मोटरसायकल: एकटीला उचलता येईल तीच घ्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचं वय २३, उंची पाच फूट एक इंच. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल म्हणून नुकतीच नेमणूक झाली आहे. घरून ऑफिस, मग दोन गावं आणि परत, असं दिवसाचं ३४ किलोमीटर पडतं. त्यातलं तीन किलोमीटर पांदण, म्हणजे वावरांमधली कच्ची वाट, बाकी डांबर. गिअरची गाडी कधी चालवली नाही. वडील म्हणतात स्कूटर घे. भाऊ म्हणतो ओळखीतली जुनी पल्सर १५० स्वस्तात मिळते. मामांचं म्हणणं, "बुलेटच घे, जड गाडी रस्त्याले धरून राह्यते." आणि तुम्ही विचारता की पहिली गाडी किती सीसीची असावी.

तालुक्याच्या गावात माझं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. या काळात नव्याने शिकणाऱ्यांच्या गाड्या मी भरपूर दुरुस्त केल्या. त्यांत तुटलेलं काय असायचं? क्लचचा लिव्हर, ब्रेकचा लिव्हर, वाकलेला फूटरेस्ट, फुटलेला इंडिकेटर, आरसा. हे भाग वेगात पडलेल्या गाडीचेच तुटतात असं नाही, उभी गाडी आडवी झाली तरी तुटतात. नवा माणूस पहिल्या वर्षात पडतो तो शाळेच्या फाटकाशी, पंपावर वळताना, बाजारात समोर म्हैस आली म्हणून थांबताना, पांदणीत खड्डा चुकवताना. वेग पाचचा, नाहीतर शून्य. म्हणून सीसीचा प्रश्न मागाहून घेऊ. आधी ही गाडी उभी असताना तुमच्या ताब्यात राहते का आणि आडवी झाली तर तुम्हाला एकटीला उचलता येते का, ते बघू. तुमच्या वाटेवर दुपारी दोन वाजता हाक मारली तर ऐकायला कुणी नसतं.

सुरुवात पायांपासून करा. सीटची उंची कंपनी मिलिमीटरमध्ये देते. स्प्लेंडर प्लस ७८५, शाईन १०० ची ७८६, प्लॅटिना १०० ची ८०७, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५. तुमच्या उंचीला ७८५ वर दोन्ही पायांचे चवडे टेकतील, टाचा थोड्या वर राहतील. एवढं चालतं. ८०५ वर एका बाजूला कलूनच पाय टेकवावा लागेल. नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तीच उंची अंगठाभर वाढल्यासारखी वाटते. शोरूमच्या फरशीवर बसून पाहू नका, तिथे सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात. गाडी बाहेर काढायला लावा. रस्त्याची कड जिथे डांबरापेक्षा चार बोटं खाली आहे, तिथे उभी करून बसा आणि डावा पाय त्या खालच्या बाजूला टाका. रोज घालणार तीच चप्पल किंवा बूट पायात हवेत. त्या कडेवर गाडी सावरता आली, तर ती तुमची.

एका गुरुजींची गाडी आठवते. नवीकोरी, जड. शाळेसमोर थांबले, उजवा पाय टेकवला, तिथे पावसानं खचलेला खड्डा होता. गाडी अंगावर आली आणि पोटरी सायलेन्सरखाली दाबली गेली. मुलांनी धावत येऊन गाडी उचलली, पण तोवर चामडी भाजली होती. महिनाभर पट्ट्या कराव्या लागल्या. ते चालवायला कच्चे नव्हते. पाय टेकायला हवा तिथे जमीन नव्हती आणि झुकलेलं पावणेदोनशे-दोनशे किलो वजन एका पायावर कोणालाच पेलत नाही.

आता वजन. शाईन १०० चं वजन ९९ किलो, स्प्लेंडरचं ११२, पल्सर १५० दीडशेच्या घरात, एनफिल्डच्याच हंटर ३५० चं १८१, क्लासिक ३५० चं १९५. मामा म्हणतात ते अगदीच चूक नाही. हायवेवर ऐंशीच्या वेगात आडवा वारा सुटला किंवा बाजूने ट्रक गेला, तर जड गाडी कमी हलते. पण तुमच्या वाटेवर चाळीस-पन्नासच्या वर जायला जागाच नाही आणि त्या वेगात शंभर किलोची गाडीही रस्त्याला धरूनच राहते. मामांच्या गाडीचा फायदा तुम्हाला वर्षातून दोनदा मिळेल. तिचं ओझं मात्र रोज सकाळी अंगणातून बाहेर काढताना, ऑफिससमोर मागे ढकलताना, डबल स्टँडवर चढवताना सोसावं लागेल.

पडलेली गाडी उचलायची एक रीत आहे, ती शिकून घ्याच. आधी चावी बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते. गिअरमध्ये टाकता आली तर टाका, म्हणजे सरकणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला कंबर टेकवून उकिडवं बसा. एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कॅरिअरला किंवा पकडायच्या दांडीला. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे-मागे पावलं टाकत उठा. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना बाया उठतात ना, जोर मांड्यांचा असतो, तसंच. शंभर-एकशेदहा किलोची गाडी तुमच्या अंगाची मुलगी अशी उचलू शकते. माझ्या आवारात मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीकडून हे करून घेतो. जुनी गाडी पोत्यांवर आडवी घालतो आणि म्हणतो, उचल. ती उचलली की तिच्या मनातली अर्धी भीती जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वडिलांच्या स्कूटरविषयी. सगळी वाट डांबराची असती तर मीही स्कूटरच सांगितली असती. क्लच नाही, गिअर नाही, पायांपुढे बॅग ठेवायला जागा आहे, सीटही कमी उंचीची. अडचण आहे ती तीन किलोमीटरच्या पांदणीची. स्कूटरचं चाक दहा-बारा इंचांचं, मोटरसायकलचं सतरा-अठरा इंचांचं. बैलगाडीच्या चाकोरीत किंवा उखडलेल्या गिट्टीत लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्यावरून जातं. महिन्यातून एकदा जायचं असतं तर चालून गेलं असतं, तुम्हाला रोज जायचं आहे. क्लचचीच धास्ती असेल, तर मधला मार्ग टीव्हीएसच्या एक्सएल १०० चा. कास्तकार जिच्यावर फवारणीचा पंप आणि चारा नेतात तीच. वजन नव्वद किलोच्या आत, चाकं सोळा इंचांची, हाताचा क्लच नाही. तिला हलकी समजू नका, मी तिला मान देतो. पण तुम्ही २३ वर्षांच्या आहात, गिअर आठ दिवसांत हाताला बसतील आणि पुढे कुठलीही गाडी चालवता येईल. म्हणून माझा कौल मोटरसायकललाच.

पांदणीचं एक खरं सांगतो, ते विकणारे सांगत नाहीत. जुलै ते सप्टेंबर काळ्या मातीचा गारा, म्हणजे चिकट चिखल, लागला की तिथे कुठलीच गाडी चालत नाही. शंभर सीसी नाही, साडेतीनशे नाही. माती टायरला चिकटते, मडगार्ड आणि टायरच्या मधे भरते आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं. चाक थांबलं की गाडी जिथे असेल तिथे लोळते. पावसाळ्यात वावराच्या आधीच्या शेवटच्या घरी गाडी लावा आणि पुढे पायी जा. तिथल्या माणसांना आजच सांगून ठेवा. हलकी सर असेल आणि जावंच लागलं तर एक काडी सोबत ठेवा, मडगार्डमधली माती काढायला. आणि पाऊस उघडल्यावर डांबरावरही जपा. ट्रॅक्टर वावरातून निघतो तेव्हा चाकांची माती रस्त्यावर पसरते. त्या दोनशे फुटांत ब्रेक मारला की गाडी साबणावरून गेल्यासारखी जाते.

आता सीसी. तुम्हाला शंभरची पुरते. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद आठ घोड्यांची. १२५ ला दहा-अकरा घोडे मिळतात. मागे रोज माणूस बसणार असेल किंवा घाट चढायचा असेल तर १२५ बरी. तुमच्या मागे टपालाची बॅग असेल आणि क्वचित आई. खर्चाचाही हिशेब करा. दिवसाला ३४ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ८८४ किलोमीटर. गाडी लिटरला ६० देत असेल तर पंधरा लिटरच्या आत भागतं. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साधारण १,५५० रुपये. साडेतीनशेची गाडी लिटरला ३५ देईल, म्हणजे पंचवीस लिटर आणि सुमारे २,६५० रुपये. डाक सेवकाच्या पगारातून दर महिन्याला अकराशे रुपये जास्त, तेही पहिल्या वर्षी, मला पटत नाही.

ब्रेकविषयी जरा थांबून बोलतो, कारण आपल्याकडे एक चुकीची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." त्यामुळे माणसं आयुष्यभर मागच्या ब्रेकवर चालवतात आणि गरज पडेल तेव्हा गाडी थांबत नाही. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. मागचं चाक त्या वेळी हलकं होऊन घसटतं. कोरड्या डांबरावर, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकदम लावा. पुढचा झटक्यात ओढू नका, लिंबू पिळतो तसा दाबत न्या. गिट्टी, रेती, गारा असेल किंवा गाडी वळणात कललेली असेल तर मात्र पुढच्याला हलका हात, वेग आधीच कमी केलेला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड-ब्रेक म्हणजे सीबीएस सक्तीचा आहे आणि त्यावरच्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. सीबीएसमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर पुढचा लिव्हर विसरू नका. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. रोही, म्हणजे नीलगाय, समोर आलेलं दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो.

रोही आणि रानडुक्कर दिवस मावळताना रस्ता ओलांडतात. एक रोही गेलं की मागून दुसरं येतंच, म्हणून पहिलं गेल्यावर पिकअप देऊ नका, थांबा. हंगामात रस्त्यावर सोयाबीन, तूर वाळत घातलेली असते. त्या दाण्यांवर चाक छर्र्यांवर गेल्यासारखं घसरतं. कापूस भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. जमेल तोवर सहाच्या आत घरी या. समृद्धी महामार्ग जवळून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. कुणी लवकर पोहोचायला म्हणून सुचवलं तरी जाऊ नका.

भावाच्या पल्सरकडे येतो. गाडी वाईट नाही. पण दीडशे किलोची आहे आणि जुनी आहे. नव्या माणसाला जुन्या गाडीची खोड कोणती आणि आपली चूक कोणती हे कळत नाही. क्लच घसटतो की मी नीट सोडत नाही? गाडी डावीकडे ओढते की मी ओढतो? शिकताना हा गोंधळ नको. तरी पैशांमुळे जुनीच घ्यायची झाली, तर शंभर सीसीतली घ्या आणि ती सकाळी, इंजिन गार असताना पाहा. आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवली आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं. गाडी डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. मधे अडकल्यासारखं वाटलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चेनच्या मागच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेन सेट बदलायला आला. टायर गोटा झालेला असेल तर त्याचे पैसे कमी करून घ्या. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहा आणि आरसीवर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव चढलेलं नाही ना, तेही. असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मीच एकदा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गाडी घेतली होती. कर्ज फिटलेलं नव्हतं. वसुलीवाले गॅरेजमधून गाडी उचलून घेऊन गेले, माझे पैसे गेले ते गेलेच. आपल्या भागात तेलंगणा, मध्य प्रदेशच्या नंबरच्या गाड्या कमी भावात येतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते, कर भरावा लागतो. मग तो स्वस्तपणा उरत नाही. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. फार जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होतात, त्या बदलायचा खर्च धरून चाला.

नवी घेताना भाव ऑन-रोड विचारा, लेखी घ्या. त्यात थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, तो सक्तीचा आहे. सीट कव्हर, स्टिकर, पॉलिश यांचे पैसे वेगळे दाखवायला सांगा आणि नको ते काढायला लावा. साडी गार्ड मात्र काढू देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे शेजाऱ्याने आधी दिलेल्या किमतीशी तुलना करू नका. हप्त्यावर घेणार असाल तर "फ्लॅट" हा शब्द ऐकला की सावध व्हा. साठ हजारांवर दोन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट म्हणजे बारा हजार व्याज, हप्ता तीन हजारांचा. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण साठ हजारांवरच लावलेलं असतं, म्हणून तो दर खरा अठरा टक्क्यांच्या आसपास पडतो. आधी बँकेत किंवा पतसंस्थेत विचारून या.

लायसन्सचं आधीच करा, गाडी घरी आल्यावर नको. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. अर्जात गिअरसह मोटरसायकल लिहा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, डोक्याला घट्ट, पट्टा लावलेला. उन्हात गरम होतं, मान्य आहे, मे महिन्यात मलाही नकोसं होतं, तरी आत पातळ सुती फडकं बांधा आणि घाला. ओढणी गाडीवर मोकळी ठेवू नका, कधीच नाही. दोन्ही टोकं कमरेला बांधा किंवा ती बॅगेत ठेवा. मागच्या चाकात ओढणी गेलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

शिकायला बाजार समितीचं आवार निवडा, बाजार नसतो त्या दिवशी. पहिले दोन दिवस एक्सीलेटर न देता नुसता क्लच सोडून गाडी पुढे सरकते तो क्षण हाताला ओळखीचा होऊ द्या. मग चालण्याच्या वेगात दोन विटांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. नजर जिथे जायचं तिथे, चाकाकडे नाही. मग वीस-तीसच्या वेगातून दोन्ही ब्रेक लावून थांबा, रोज वीस वेळा. पांदणीवर जायचं ते हे सगळं झाल्यावर, भाऊ मागे बसलेला नको, पुढे दुसऱ्या गाडीवर असलेला बरा.

तर नावं सांगतो. पहिली शाईन १०० वर बसून पाहा, मग स्प्लेंडरवर. तुमच्या उंचीला आणि वाटेला या दोघींपैकी कुठलीही शोभेल. दोघींत मन अडकलं तर जिचे सुटे भाग तुमच्या गावच्या मेकॅनिककडे आजच्या आज मिळतात, ती घ्या. स्प्लेंडरचा क्लच वायर आपल्याकडे खेड्यातल्या दुकानातही मिळतो, त्याचं मोल पांदणीच्या टोकाला कळतं. प्लॅटिना मऊ चालते, पण सीट दोन सेंटिमीटर उंच आहे. तीच आवडली तर गादीवाल्याकडून सीटचा फोम इंचभर कापून घ्या, शॉकअपला हात लावू देऊ नका.

आणि शोरूमला जाल तेव्हा टपालाची बॅग सोबत न्या, रिकामी नको. आठ-दहा किलो वजन भरून मागे बांधा आणि मग त्या रस्त्याच्या कडेवर बसून पाहा.